सातच्या आत ये

तेरुंग्वा, तुझा निरोप मिळाला.
तीन रात्रींसाठी लागोसला येतोयस,
कुठल्या भागात उतरू, विचारतोस.
आधी सांग, वकिलातीत मुलाखत किती वाजता?
आठ?
मग इकेजाचं नावही काढू नकोस.
खोल्या स्वस्त, अंघोळीला गरम पाणी, सगळं खरं,
पण मध्ये तो खाडीवरचा पूल आहे,
माणसाची अख्खी सकाळ गिळून
ढेकरही न देणारा.

पुलावरून उजव्या हाताला बघ मात्र.
पाण्यात खांबांवर घरं उभी आहेत, चुलींचा धूर तरंगत असतो.
मी नवी आले तेव्हा वाटलं होतं,
ही माणसं इथे चार दिवस उतरलीत.
एकवीस वर्षं झाली.

फेस्टॅकला आपल्याकडची दोनचार घरं आहेत.
इयोर्लुमुनची बायको तुला उपाशी झोपू देणार नाही,
पण झोपूही देणार नाही,
लग्नाचं विचारत बसेल.

लेक्कीला समुद्राची हवा आहे, तुझा मित्र म्हणतो तशी.
हवा फुकट. बाकी सगळं मोजून.

याबा?
पोरं कॉलेजची, रात्री उशिरापर्यंत भाजलेल्या मक्याचा वास,
पण जनरेटर रे,
शेजारच्याचा जनरेटर थेट तुझ्या उशीत घरघरतो,
मला विचार.
म्हणजे गिऱ्हाइकं सांगतात.

ओबालेंडे घे, माझं ऐक.
पुलाच्या पोटाखाली बसगाड्यांचा अड्डा,
कंडक्टरांचा कलकलाट पहाटेपासून,
तरी सहाला निघालास तर साडेसहाला दारात.
मशिदीमागे मादाम रिसिकातचं लॉज आहे.
भिंती हिरव्या, पंखा बोलका, पण चादरी स्वच्छ.
माझं नाव सांग.
तिच्या तीन पोलक्यांपैकी एकाचे पैसे यायचेत अजून,
ते तुझ्या भाड्यात वळते होतील.

सुरुलेरेत काही नाही रे.
पाण्याचे वांधे, गल्लीत खड्डे,
तुला कशाला उलटा फेरा.
हो, माझ्या त्या दोन खोल्या.
गॅलरीतल्या कुंडीचा फोटो
तुझ्या आईनं चौकटीत लावलाय, ठाऊक आहे मला.
सध्या रंगकाम चाललंय.
तिला म्हणावं, रंगकाम चाललंय.
इथे हवा दमट, रंग वाळायला वेळ लागतो.

आणि पोतंभर कंद आणू नकोस बेनुवेचे.
तीनच आण. ठेवायला जागा...
उंदीर फार झालेत.

दुपारी दुकानात ये.
याबाच्या बाजारामागे शिलाईयंत्रांची रांग लागते,
त्यातलं पाचवं, निळं दार.
थंड माल्ट पाजीन, लग्नाचं विचारणार नाही.
कोट तुझ्या बापाचाच असणार,
म्हणजे बाह्या बोटांवर येत असणार.
वकिलातीतल्या बाईला हात दिसले पाहिजेत माणसाचे.
टेबलावर पसर, मी उसवते,
तू समोरच्या स्टुलावर बस आणि नदीचं सांग,
यंदा पाणी कुठवर आलं होतं ते.

फक्त सातच्या आत ये.
सातनंतर त्या टेबलावर...
सातनंतर मी काम करत नाही.
टेबलाखाली गुंडाळी दिसेल, ती अस्तराची.
खिळ्याला टांगलेला टॉवेल
मदतनीस पोरीचा.

तू लहानपणापासून न बोलता बघणारा.
बघशील.
बघितलंस तर कोटाची घडी घाल, माल्ट संपव,
आणि मकुर्डीला पोचलास की आईला सांग,
कुंडी फार वाढलीय,
आता दोन माणसांनाही उचलत नाही.

रिसिकातकडे वरच्या मजल्यावरची खोली माग, मागच्या बाजूची.
खाडी दिसत नाही तिथून, वारा येतो.
भाडं सगळं आधी देऊ नकोस.