तेवढंच

रात्रीचे अकरा. परसोडीच्या आयटी पार्कात
कूलरच्या ताट्या अजून ओल्या आहेत,
खाली ठेल्यावर तर्रीचं पातेलं घासून झालंय
आणि माझ्यासमोर भोयरच्या ब्रँचवर सदतीस बदल.
तो शुक्रवारी गेला, पुण्याला.
साहेब म्हणाले, "वेग वाढवलाय ना त्यानं, तेवढंच घे.
बाकीचं राहू दे बाप्पा तिथंच."

मी नोकरीला लागले तेव्हा सबव्हर्जन होतं.
कळमन्याच्या लिलावासारखं, ढीग उचलायचा तर अख्खा,
खालची दबलेली संत्री धरून.
नको त्या ओळी मी हातानं पुसायची,
कमिट झालं की हातानंच परत लिहायची.
एकदा लिहायला विसरले.

मग गिट. गोकुळपेठेत
एकेक फळ तोलून घेणाऱ्या बाईसारखं.
तुकडा दाखवतं, विचारतं: घेऊ?
हो. नाही. हो. याचे अजून दोन कर.
काहीही काढा, काहीही ठेवा, ते ब्र काढत नाही.
मला फार आवडायचं हे न बोलणं.

डार्क्स दाखवलं भोयरनंच,
मे महिन्यात, लाइट गेलेली,
लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर.
"हे पाय, हेही एकेक विचारते.
पण एकाले नाही म्हटलं का
त्याच्या भरवशावर जे जे उभं हाय
ते मंग विचारतच नाही तुले."
"येडपट आहे," मी म्हणाले.
"येडपट नाही वो. याद ठेवून राह्यलं ते."

आज गिटनं तेवढंच घेतलं. एक कमिट.
कुठं अडलं नाही, भांडलं नाही.
चाचणीच्या ट्रकवर वजनकाटा भराभर पळाला
आणि दर पोत्यामागं दोनशे ग्रॅम कडता जास्त.
कारण त्या वेगाच्या खाली, नऊ बदल मागं,
एक ओळ होती, मी न घेतलेली.
शेरा: "आधी हे नीट करू, मग पळू."

फुटाळ्यावर, मार्चमध्ये,
कणसाचे दाणे सोलत त्यानं एक विचारलं होतं.
मी नाही म्हणाले.
पुढचं काही
त्यानं विचारलंच नाही.

फोन उचलला, ठेवला.
नऊ मागं गेले. ती ओळ घेतली.
तिच्याखाली अजून एक. तिच्याखाली
कंसातली एक जागा, कुणी मुद्दाम सोडलेली.

दोन वाजता मोजले: एकवीस.
सकाळी साहेबांना सांगेन,
तेवढंच घेतलंय, सर.
बाकीचं सुटं होत नव्हतं.