जिन्यावरची जागा

बाद फेरी लागली की माझी जागा जिन्यावर.
वरून सहावी पायरी, जिचा कोपरा उडालाय.
चौदा वर्षांपूर्वी उपांत्य सामन्यात
मी चहा घेऊन आत आले
आणि नेमका तेव्हाच गोल झाला. आपल्यावर.
विश्वंभर भांडले नाहीत.
कप घेतला, बशीत सांडलेलं परत कपात ओतलं.
पुढच्या सामन्याला एवढंच म्हणाले,
"तू जरा बाहेर बसतेस का?"
बसले. जिंकलो.
झालं.

साखळी सामन्यांत मी आत बसून मटार सोलते,
हवं ते बोलते, खोकते, दिवा लावते.
साखळीत देवसुद्धा लक्ष घालत नसावा.

पण एकदा का हरला तो घरी, असं सुरू झालं
की यांचा हिरवा स्वेटर धुवायचा नाही.
जानेवारीत, ग्वाल्हेरच्या धुक्यात,
तो दोरीवर नुसता टांगला तरी ओलसर वास मारतो.
शनिवारी तेल, ते सगळेच वाहतात,
हे वर दुकानदाराशी घासाघीस करत नाहीत.
अचलेश्वराला उजवा पाय आधी.
चुकला तर रस्ता ओलांडून परत मागे,
टेम्पोवाले शिव्या देतात ते प्रसादासारखं घेतात.
आणि सामन्याच्या आदल्या दिवशी
लष्करातून सायकल हाणत थेट हजिऱ्याला
पंक्चर काढायला.
पंक्चर नसतं.
गोलरक्षक रुखसारच्या वडिलांचं दुकान असतं.
ते बिचारे ट्यूब पाण्यात बुडवून बुडवून बुडबुडा शोधतात,
सापडत नाही,
तरी हे वीस रुपये ठेवून येतात.
"पोरगी आपली आहे," म्हणतात.
तिला यांचं नावही ठाऊक नाही.

मी एकही बाद सामना पाहिलेला नाही.
ऐकलेत मात्र सगळे.
पेनल्टी कॉर्नरला हे श्वास धरतात, ते भिंतीतून कळतं.
आपला गोल म्हणजे पाटावर थाप,
त्यांचा गोल म्हणजे काहीच नाही,
फक्त शेजारच्या वाघमोड्यांची शिट्टी होते कुकरची.

यंदा अंतिम सामना. दोन-दोन बरोबरी.
वेळ संपली, शूटआउट लागलं,
आणि दार उघडून हेच बाहेर आले.
कानटोपी हातात.
"दोन्ही गोल मी बघत असतानाच खाल्ले," म्हणाले.
"नजर माझीच आहे बहुतेक. इतकी वर्षं
उगाच तुला... तू जा आत. मला बघवत नाही."
आणि माझ्या पायरीवर बसले,
मी तापवून ठेवलेल्या जागेवर.

आत गेले. खुर्चीवर टेकायचं धाडस होईना,
उभीच राहिले.
किती लहान आहे हो ती!
एवढे मोठाले पॅड, आणि मधे एवढासा चेहरा.
आठ सेकंद असतात म्हणे.
समोरची पोरगी चेंडू घेऊन धावत आली,
रुखसार पुढे झेपावली, आडवी पडली,
चेंडू तिच्या पायाला लागला
आणि कुठेच जायची घाई नसल्यासारखा
रेषेकडे निघाला.

"काय झालं गं?"
जिन्यावरून.

मला ती पायरी माहीत आहे.
तिथे कुणी सांगेपर्यंत काहीच झालेलं नसतं.
चौदा वर्षं मी तिथे बसून
किती सामने आधी जिंकून घेतलेत मनातल्या मनात.
म्हणून टीव्ही बंद केला, आवाज न करता.
बाहेर आले. सातव्या पायरीवर बसले.
ते कानटोपीचा धागा ओढत होते.
विचारलं नाही परत.
वाघमोड्यांचा कुकर तेवढा झाला एकदा.

रात्री स्वेटर बादलीत भिजत घातला, त्यांनीच.
सकाळी सायकल काढली.
म्हटलं, आता कशाला? हवा ठीक आहे की.
"असू दे," म्हणाले. "जाऊन येतो हजिऱ्याला.
आज कोण जाणार त्यांच्याकडे?"