दहा जणांच्या मनुका

शुक्रवारी दुपारी तीनच्या ठोक्याला
एझ्राकाका झिराडकर काळ्या मनुका मोजायला बसायचे.
माणशी बारा. माणसं दहा. एकशेवीस.
गेल्या शुक्रवारी सहाच जण आले होते,
त्याआधी सात, त्यातला एक तर
के.ई.एम.मध्ये मेहुण्याला बघायला आला होता म्हणून.
तरी एकशेवीस.
भिजवून, कुस्करून, पांढऱ्या फडक्यातून गाळून
शाब्बाथचं सरबत काढायचे आणि म्हणायचे,
"ऐनवेळी कमी पडलं तर पंचाईत."

मी तेव्हा पंधरा वर्षांचा आणि फार हुशार.
विचारलं, "आणि उरलं तर?"
"तू पी. वाढीचं वय आहे."
उरायचंच.
रास्ता पेठेत माझ्याइतकं सरबत कुणी प्यायलं नसेल.

मला वाटायचं, ह्यांना गणित येत नाही.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
चौतीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस!
पैशाची चूक सापडेपर्यंत घरी न जाणारा.
सहा म्हणजे सहा, हे त्यांना माहीत होतं.
सहा जण असले की काही प्रार्थना
म्हणताच येत नाहीत, हेही.
ते पान उघडून बोट ठेवायचे,
दाराकडे बघायचे,
मग पान सावकाश उलटायचे,
गरम चहा बाजूला सरकवावा तसं.
निवला की घेऊ.

डॅनी गेला, त्यांचा एकुलता एक,
त्या आठवड्यात ते घरी जमिनीवर बसून होते.
मी गेलो. म्हणालो, काका, राहू दे आज.
त्यांनी डबा मागितला.
दोनदा चुकले. ऐंशीपाशी एकदा,
एकदा अगदी सुरुवातीलाच.
पुन्हा ओतल्या, पुन्हा मोजल्या.
मी पाठमोरा होऊन खिडकीतून
पॉवर हाऊसच्या तारांवरचे कावळे बघत राहिलो.
"घे. एकशेवीस आहेत. झाकण घट्ट लाव."

ते मंगळवारी गेले. पहाटे, झोपेत,
कुणाला रिक्षासुद्धा आणायला न लावता.
शंकरशेट रस्त्यावर दफनभूमीत
वाण्याचा मुलगा आला, गाद्रेबाई आल्या,
कारखान्यातले दोन म्हातारे एकमेकांना धरून.
आणि आपले?
मी सवयीनं मोजले.
अकरा.
अकरा!
सांगायला वळलो
आणि कुणाकडे वळलो ते लक्षात आलं.

त्यांची फोनची वही आता माझ्याकडे आहे.
अश्दोदच्या सोलोमनपुढे काट नाही,
लिहिलंय "परगावी".
एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून परगावी.
दिमोनाची तिन्ही भावंडं परगावी.
लोहगावचा रूबेन, जो रस्त्यात दिसला तरी
पलीकडच्या फुटपाथवर जातो, त्याच्यापुढे "कामात असतो".
डॅनीच्या नावापुढे काहीच नाही.
नाव मात्र दोनदा गिरवलेलं.
आणि माझ्यापुढे, बारीक अक्षरात,
"उशिरा येतो. दार लावू नये."

वीस वर्षं मी ज्याला भोळेपणा म्हणत होतो
तो रोजचा हमालीचा प्रकार निघाला.
गुडघे दुखतात. फडकं धुवावं लागतं.
लोक फोनवर खोटं बोलतात
आणि आपण "बरं, पुढच्या वेळी" म्हणायचं असतं,
खरंच वाटल्यासारखं,
म्हणता म्हणता थोडं वाटतंही.

आज बहात्तरपाशी माझा हात थांबला.
सहा जणांच्या झाल्या होत्या.
सहा जणांनी कबूल केलं होतं.
महाग झाल्यात मनुका.
डब्यात बोटं तशीच राहिली थोडा वेळ.
मग त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

दिवे लागले. पाच जण आले.
सहावा वाटेत आहे म्हणाला, म्हणजे अजून घरीच.
बाहेर रिक्षा थांबली, मीटर पाडल्याचा आवाज,
आम्ही पाचही जणांनी माना वळवल्या.
एक मुलगा घामाघूम, आत डोकावून म्हणाला,
"काका, रक्तपेढी कुठे आहे हो?"
मला कुणी पहिल्यांदाच काका म्हणालं.
कोपऱ्यापर्यंत गेलो त्याच्याबरोबर,
डावीकडे वळ म्हणालो, मिळेल, घाबरू नको.
पेलाभर सरबत दिलं होतं त्याला, ते त्यानं
रस्त्यातच उभ्यानं संपवलं.

परत आलो. पान उघडं होतं.
दार मी नुसतं लोटलं,
कडी नाही घातली.