मांगर

शाळेच्या बाई म्हणाल्या, मेस्त्री, जुन्यासारखा करा.
म्हटलं, जुन्यासारखा करणं सोपं.
जुना ठेवणं कठीण.

जुव्यावर जायला अजून होडीच.
भरतीला गेलो तो ओहोटीपर्यंत अडकलो,
त्या अडकण्यात मांगर पहिल्यांदा नीट पाहिला.
पूर्वेचा खांब वाळवीनं पोकळ,
आढं मधोमध म्हशीच्या पाठीसारखं वाकलेलं,
आणि कुठेही खिळा नाही.
खुंट्या, खाचा, केवणीच्या सालीचा दोर,
काळा पडलेला, तरी गाठ सुटेना.
कापू नका, मी पोरांना ओरडलो,
आधी कशी मारलीय ते बघा.

रवळूनं हा जुवा खाडीकडून मागून घेतला म्हणतात.
मागून कसला!
चिखलाच्या ढेपा रचून बांध घातला,
तीन वर्षं खार धुऊन जायची वाट बघितली,
चौथ्या वर्षी कोरगुट पेरला.
पहिलं पीक पाखरांनी खाल्लं.
हे मनवेल डिसोझानं सांगितलं,
त्याला त्याच्या आज्यानं,
आज्याला कोणी, ते मनवेलला ठाऊक नाही.

समितीनं पाटी आधीच रंगवून आणली होती:
‘या जमिनीचा पहिला शेतकरी.’
पाटी टांगायला अजून भिंत नव्हती.

किंजळीचं लाकूड, त्याचा पास, दीड महिना.
तोवर आढं खाली उतरवून मी वाकसाच्या खुणा वाचत बसलो.
अर्ध्या आढ्यावर घाव खोल, घाईचे,
उजवीकडून डावीकडे.
उरलेल्या अर्ध्यावर उथळ, सरळ, एका मापाचे,
डावीकडून उजवीकडे.
मनवेलला विचारलं.
तो सुपारी कातरायचा थांबला.
‘यशोद डावरी होती. म्हणान तिचा लगीन उशिरान झाला.’
बस, एवढंच. परत सुपारी.

मधल्या खांबाला अकरा खाचा.
झिलू रंधा घेऊन आला, गुळगुळीत करतो म्हणाला.
मी त्याचा हात धरला.
प्रत्येक खाचेत कालवाच्या शिंपीचा तुकडा
दाबून बसवलेला, टिकलीसारखा.
सगळ्यात वरची खाच माझ्या हनुवटीशी.
बांध फुटला त्या त्या वर्षी पाणी कुठवर आलं,
ते ज्याला लिहिता येत नव्हतं
त्यानं, की तिनं, असं लिहिलं होतं.
घाव उथळ. सरळ.

शाळेची पोरं आली त्या दिवशी
बाईंनी शिकवायचं ठरवलेलं गांडूळखत.
सातवीतली नक्षत्रा तांडेल खांबाला पाठ लावून उभी राहिली,
डोक्यावर तळहात आडवा धरला.
‘मेस्त्री, वरून दुसऱ्या खाचेला मी बुडते.’
मग सगळ्यांना खांब हवा झाला.
दोघं तिघं कुठेच बुडत नव्हते, ते नाराज.
बाईंनी गांडुळांचा डबा झाकून ठेवला
आणि बांधाकडे बघत राहिल्या.

दुपारी ओहोटी.
मनवेलनं गुडघाभर चिखलात उतरून दाखवलं
ढेप कशी कापायची, कशी हाताहातानं पुढे द्यायची,
खेकड्याचं बीळ दिसलं तर आधी तेच का बुजवायचं.
बीळ बोटाएवढं असतं, म्हणाला,
बांध तिथनच जाता.
पोरांचे गणवेश गेले. आयांचे फोन आले.

उघाडीची नवी झडप मी फणसाची केली.
भरती आली की आपोआप मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते.
थोडी गळते अजून. फुगेल, मग बसेल.

पाटी टांगलेली नाही.
होडीतून उतरायच्या जागी चिखल फार,
तिथे आडवी टाकलीय, अक्षरं खालच्या बाजूला.
समितीच्या लक्षात आलेलं नाही,
किंवा आलंय.

शेवटच्या दिवशी आढं चढवलं.
दोराची गाठ तीच मारली, चार वेळा चुकून.
एक खुंटी उरली होती,
ती मी डाव्या हातानं ठोकून बघितली.
वाकडी बसली.
काढली नाही.