लाल दोरी

आलासच्या बापूसो आंबींनी मोटर आणली
छोट्या टेम्पोतून, पोत्यांवर निजवून,
वरून चादर. जणू दवाखान्यालाच आलेत.
"दोरी ओढून ओढून दंड सुजला," म्हणाले,
"पर खोकतसुदीक न्हाई."

उद्यमनगरात मे महिन्यात सावली म्हणजे
दुसऱ्याच्या शेडची.
पलीकडच्या फौंड्रीत ओतकाम चाललेलं,
जळक्या वाळूचा वास आमच्या चहाला.
दस्तगीरचाचांनी मोटर स्टँडला लावली,
पंखा पाण्याच्या पिंपात,
आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
त्यांचा जन्म मॅग्नेटोत गेला,
लुना, राजदूत, फवारणीचे पंप.
नावेची मोटर वर्षाकाठी एखादी.

"प्लग काढ गं."
काढले. दोन्ही ओले.
पेट्रोल पोचतंय, म्हणजे उपाशी नाही.
प्लगला टोपी चढवली, बूड हेडला टेकवलं,
उन्हाला हाताचा आडोसा धरला.
चाचांनी दोरी ओढली.
काही नाही.
परत.
नखाएवढीसुद्धा नाही ती फट,
आणि ती ओलांडायला कुणी तयार नाही.
दुसरा प्लग. तोही तसाच मुका.

मी नव्या कॉइली शोधायला उठले.
"बस खाली," चाचा म्हणाले,
"दोन भाऊ एकाच दिवशी मरत नसतात.
दुखणं दोघांच्या आधीचं हाय."

मग मीटर.
वायरी एकेक सोडून मी ओहम वाचत गेले,
आयटीआयच्या जुन्या वहीत मागच्या पानावर लिहीत गेले.
चार्जिंगची कॉइल बरोबर.
ट्रिगरची बरोबर.
उरला तो काळा डबा, सीडीआयचा,
ज्याच्या आत कुणालाच बघता येत नाही,
आणि जो पुण्याहून मागवला तर सात हजार.

बापूसोंनी तंबाखूची पिशवी काढली,
न उघडताच परत ठेवली.
"मिरगाच्या आत पायजे," एवढंच बोलले.
मी मनात डब्यावर फुली मारून मोकळी.
चाचा नाही.
"बाकीचे सुटले म्हणून
उरलेल्याला फाशी द्यायची न्हाई.
ती काळी वायर सोड. बंद करायची."

सोडली. दोरी ओढली.
चट्.
पाण्यात मोरचुदाचा खडा विरघळावा
तशी निळी.
फौंड्रीच्या भट्टीला पाठ करून
मी ती चार वेळा बघितली.

म्हणजे दोष स्विचमध्ये.
त्या लाल, गुंडाळीदार दोरीच्या स्विचमध्ये.
एक टोक नावाड्याच्या मनगटाला, एक बटणाच्या मागं चिमट्याला.
माणूस पाण्यात पडला की चिमटा सुटतो,
बटण आत जातं, ठिणगी जमिनीत मुरते,
पंखा थांबतो.
चिमटा तर जागेवर होता.
मी स्विच खोलला.
आत गाळ. वाळलेला, मैद्यासारखा बारीक,
बटणाला आतल्या आत गच्च धरून बसलेला.

बापूसोंनी चिमटीत घेऊन चोळला.
"हा पुरातला," म्हणाले.
"दोन सालं झाली. राजापूरच्या वळणाला
रेडकू नावेत घेताना मी गेलो खाली.
मोटर तवाच बंद पडली, म्हणून पाय हायती.
वल्ही मारत आलो.
त्यानंतर ती बोललीच न्हाई."

कुणी काही बोललं नाही.
दोन वर्षं ती शेडमध्ये उभी,
आणि तिच्या लेखी
बापूसो अजून पाण्यातच.

जुन्या दातब्रशानं, पेट्रोलनं मी स्विच धुतला.
गाळ कागदावर झटकला, जेमतेम चमचाभर.
काळी वायर परत जोडली.
तिसऱ्या ओढीला पिंपातलं पाणी उसळलं,
चाचांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली,
फौंड्रीतली पोरं दारात आली.

बापूसोंनी लाल दोरी मनगटात अडकवली,
भर उन्हात, कोरड्या जमिनीवर,
आणि दोन पावलं मागं सरले.
चिमटा सुटला. मोटर गप्प.

"हां," ते म्हणाले,
"आता वळाकती."