चक्कीमागचं हैदराबादी

निरंजननं आणलं, भाच्यानं, फौजेतून सुटीवर येताना.
हिमाचलातली एक काडी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली,
दोन दिवस रेल्वेत, मग वर्ध्याहून एस.टी.त मांडीवर.
नाव सांगितलं हायड्रेंजिया.
पिंपळखुट्यात फिरता फिरता त्याचं हैदराबादी झालं.

मी चक्कीवाला. मला पिठातलं कळतं.
माती आमची काळी, भारी,
पावसात चप्पल सोडत नाही
आणि उन्हाळ्यात मूठ जाईल एवढी फाटते.
तिच्यात ती काडी म्हणजे
पंगतीत चुकून बसलेला परगावचा माणूस,
पान वाढलेलं, उठताही येईना.

खड्डा खणला गुडघाभर. तळाला मुरूम,
वर नाल्याकाठचा पोयटा, कुजका पाला, दोन घमेली शेणखत.
जागा दिली उत्तरेच्या भिंतीला,
जिथं चक्कीच्या हादऱ्यानं चुना कधी टिकला नाही.
वरून पंचफुलाचं जुनं लुगडं ताणलं.
ती म्हणाली, "कायले हे उपद्व्याप?
जास्वंद काय वाईट हाय?"
वाईट काहीच नाही.
जास्वंद न विचारता फुलते, एवढंच.

बोअरचं पाणी खारं. पानांच्या कडा जळाल्या,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या.
म्हणून पत्र्याखाली ड्रम मांडला,
पावसाचं पाणी त्याचं एकट्याचं.

मे महिन्यात बाराच्या ठोक्याला पानं अशी लोंबायची
की दळणाला आलेली बाईसुद्धा म्हणायची, "गेलं वाटते."
पहिल्या वर्षी मी बादली घेऊन धावायचो.
मुळं कुजायला लागली तेव्हा समजलं,
दुपारी मान टाकली म्हणजे तहानच असते असं नाही.
दिवेलागणीला ते आपलं आपण उभं राहायचं.
हे आधी समजलं असतं
तर मोठ्या पोरीच्या मागं, तिच्या दहावीच्या वर्षी,
बादली घेऊन एवढा धावलो नसतो.

फेब्रुवारीत निरंजनचा फोन.
"मामा, अर्धं छाटा. फूल नव्या काडीवरच येते."
रामाजी भोंगाडे ज्वारीचा डबा खाली ठेवून बघत राहिले.
"जगवलं कायले मंग, कापाचंच होतं त?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं. कात्री होती, पंचफुलाची,
ब्लाउज बेतायची. तिनं ती आठ दिवस
माझ्याशी न बोलता धुतली.

दोन वर्षं नुसती पानं.

तिसऱ्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी,
पोट्टे लाकडी बैल ओढत बोजारा मागायला आले
आणि एक जण चक्कीमागं मुतायला गेला तो ओरडत परतला.
"बाबाजी, तुमच्या झाडाले कणीस लागलं!"

कणीसच होतं. ज्वारीच्या कणसाएवढं, वर निमुळतं,
दाण्यांच्या जागी चार चार पाकळ्यांची पांढरी फुलं.
एकच. आणि एवढं जड
की काडी वाकून भिंतीला टेकलेली.
मी हात लावला नाही, हाताला बेसन होतं.
लुगड्याखाली वाकून पंचफुला बराच वेळ बघत होती.
मग म्हणाली, "तुमच्या भुवयांसारखं हाय."

निरंजन म्हणाला होता, पुढं गुलाबी होईल,
तिकडं डोंगरात होते तसं.
आमच्याकडं रात्री तेवढ्या गार कुठल्या?
ते एका अंगानं तपकिरी होत गेलं, पोत्याच्या सुतळीसारखं.
मी आशा सोडली, पाणी सोडलं नाही.

कोजागिरी झाली, दोन पहाटा जरा बोचऱ्या गेल्या.
सकाळी चक्कीचा पट्टा चढवायच्या आधी बघितलं
तर खालच्या तीन-चार पाकळ्यांवर
फिकट काहीतरी चढलेलं,
जशी मिरची दळलेल्या हातानं
कोणी घाईत उचलून ठेवली असावीत.

"तुम्हीच हात लावला असन,"
पंचफुला म्हणाली.
मी हात दाखवले.
तिनं ते उलटे करूनही पाहिले.