सव्वा मूठ

रविवारी कानबाई.
म्हणून बुधवारपासूनच फोन.
सुरतचे ओंकारकाका विचारतात, पॅसेंजरला जागा मिळेल का.
व्यारा सुटलं की मिळते, दरवर्षी सांगतो.
नाशिकचा हेमराज म्हणतो, कंपनीत डबल शिफ्ट आहे,
येणं होत नाही,
पण माझी मूठ धरा बरं का, दादा.
गंगाफळ काकू आणणार.
केळीचे खांब धरणगावहून.
नारळाला नथ कुणाची चढवायची
यावर दोन जावांचं अजून ठरत नाही.

आमच्यात रोटाचे गहू माणशी मोजतात.
घरच्या कर्त्यानं सुपात टाकायची
एकेका नावाने सव्वा मूठ.
वडील गिरणीत साच्यावर होते,
त्यांच्या मुठीत मावायचं ते माझ्या मुठीत मावत नाही.
मी डेपोत तिकिटांचा हिशेब लिहितो.
काका हसतात, म्हणतात,
तुझ्या हातानं यंदाही चार पोळ्या कमीच.

एक मूठ माणसाची, हे कळतं.
वरचा पाव कशाचा
ते मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

कोकिळा शिरपूरहून परत आली
त्याला तीन श्रावण झाले.
दिलेली लेक दुसऱ्या कुळाची,
तिला रोट चालत नाही.
खापरावर मांडे मात्र तिच्याच हातचे.
कोपरापर्यंत पसरत जाणारं ते पातळ पीठ,
पलीकडचा दिवा दिसावा इतकं,
फाटत नाही.
मग सगळे पंगतीला बसले की
ती ओट्याशी उभ्याने
सकाळचं वरण आणि पोळी खाते,
आणि आतून विचारते, खीर पुरतेय ना?

शनिवारी संध्याकाळी सूप पुढ्यात घेतलं.
आई, ओंकारकाका, काकू.
सुरतची पोरं, मोबाइलमधून मान वर न करता.
बायको, आमची दोघं.
हेमराज, नाशिकला.
हेमराजची बायको. तिचं तान्हं,
ज्याला अजून दात नाहीत.
माझी स्वतःची मूठ शेवटी.
काका बोटांवर धरत होते. अकरा.

कोकिळा डाळ निवडत होती.
तिनं वर पाहिलं नाही.

मी पुन्हा पोत्यात हात घातला.
ठरवून नव्हे, असं आता म्हणता येईल,
पण ठरवून होतं.
बुधवारपासून ठरत होतं,
हेमराजचा फोन ठेवला तेव्हापासून.

एक मूठ. वर पाव.

गव्हाचा आवाज सुपात एवढा मोठा होतो
हे मला माहीत नव्हतं.

"हाई बारावी कोनी?" काकांनी विचारलं.
आईनं पदर सावरला.
काकू गंगाफळाकडे बघत राहिली.
मी म्हणालो, चुकलं असेल मोजताना.
काका बराच वेळ सुपाकडे बघत होते.
मग म्हणाले,
"मोजेल धान्य मांगे जात नही,"
आणि तंबाखूची डबी शोधायला उठले,
जी त्यांच्या खिशातच होती.

आभार हा शब्द आमच्याकडे माइकवरूनच येतो,
कार्यक्रमाच्या शेवटी,
लोक चपला शोधत असताना.
घरात तो कुणी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.
कानबाईलाही नाही.
तिला आम्ही खाऊ घालतो आणि तिचं उरलेलं खातो,
बोलणं तेवढ्यात होत असावं.

रविवारी रात्री अकरा पानं मांडलेली नव्हती.
हेमराजकडचे तिघं नाहीत, म्हणजे आठ.
आईनं नववं मांडलं,
काही न बोलता, भिंतीकडचं,
आणि आतल्या अंगाला हाक दिली:
"बठ वं माय, जेवी ले."

कोकिळानं हात पुसले. पुन्हा पुसले.
बसली.
मांड्याचा तुकडा तोंडात धरून
बराच वेळ चावत राहिली, मग म्हणाली,
जायफळ जास्त झालंय.

कुणीच हो म्हणालं नाही.
पण झालं होतं.

सोमवारी बोरीवर
नारळ डोक्यावर घेऊन काकू पुढे,
मागे फुगड्या, डफ, चिखल.
नथ शेवटी कोकिळाचीच निघाली,
पेटीच्या तळातली, मोडक्या फासाची,
दोऱ्यानं बांधून चढवली होती.
विसर्जनाआधी काढून
तिनं ती रुमालात ठेवली,
आणि रुमाल माझ्याकडे दिला, धर म्हणून.

अजून माझ्याच खिशात आहे.